‘सत्तर हजारांत एडिटिंग आणि गेमिंग’: एका यादीचं वाचन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "समीक्षेच्या व्यासपीठावर कॉम्प्युटरचे पार्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच, की आज विशी-बाविशीतली मुलं जो मजकूर सगळ्यांत काळजीनं आणि पुन्हा पुन्हा वाचतात, ज्याच्या भरवशावर घरातली शिल्लक मोडली जाते, तो मजकूर म्हणजे बऱ्याचदा सात-आठ ओळींची एक यादी असते. प्रोसेसर अमुक, बोर्ड तमुक, कार्ड अमुक. वर मथळा: ‘सत्तर हजारांत एडिटिंग आणि गेमिंग बिल्ड’. कवितासंग्रहांची परीक्षणं येतात, सिनेमांची येतात. या यादीचं कुणी करत नाही. ते आज करू.

ही यादी आमच्यापर्यंत आली कशी, ते आधी सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मुलगा वडिलांना घेऊन आला. लग्नसराईत तो एका फोटोग्राफरकडे दुसरा कॅमेरा धरतो. आता एडिटिंगही स्वतः करायचं म्हणतो, कारण कॅमेरा धरण्यापेक्षा त्यात पैसे बरे सुटतात. शिवाय रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट, कधीमधी जीटीए. हे दुसरं त्यानं वडिलांसमोर जरा दबक्या आवाजात सांगितलं. (हशा) पैसे पतसंस्थेतून काढायचे होते. वडील बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "सर, तुमचं ते चालू द्या. फक्त यातली कुठली वस्तू पैसे कमावणारी आहे, तेवढं मला सांगा."

आम्ही इतकी वर्षं परीक्षणं लिहितो, पण इतका नेमका प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता.

आता यादी. इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४००एफ. एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड. १६ जीबी रॅम, एकच पट्टी. एन्व्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड, ८ जीबीचं. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. ५५० वॅटचा एसएमपीएस, त्याच्यापुढे नुसतं ‘८० प्लस’. आणि समोरून काच, आत तीन रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट. नावं-आकडे थोडे इकडेतिकडे करा, साचा हाच दिसेल.

यात चूक म्हणावी अशी एकही ओळ नाही, हे आधी कबूल करू. जोडलं की मशीन सुरू होईल, गेम सुरेख चालतील. प्रत्येक ओळीचं समर्थन करता येतं. तरीही सबंध यादी वाचल्यावर असं वाटतं, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गेम खेळणारा माणूस होता आणि ‘एडिटिंग’ हा शब्द मथळ्यात नंतर येऊन बसला. पाहुणा आला म्हणून वरणात पाणी वाढवावं, तसा.

पुरावा? पहिल्याच ओळीतलं शेवटचं अक्षर बघा. एफ.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर त्यात स्वतःची ग्राफिक्सची सोय नसते. गेम खेळणाऱ्याला तिची गरज नाही, तो कार्ड वेगळं लावणारच. एफ घेतला की दोन-तीन हजार वाचतात, म्हणून यादीत एफ. पण त्या सोयीबरोबर आणखी एक गोष्ट जाते. २०११ पासून इंटेल आपल्या ग्राफिक्सच्या भागात व्हिडिओ उलगडण्याची आणि बांधण्याची खास यंत्रणा देत आली आहे. क्विक सिंक तिचं नाव. कॅमेरा व्हिडिओ साठवतो तो घट्ट दाबून, घडी घालून. एडिटिंग करताना टाइमलाइनवर पुढे-मागे जाल, तितक्या वेळा ती घडी उलगडावी लागते. यंत्रणा असेल तर ती हे काम गुपचूप करते. नसेल तर प्रोसेसर घाम गाळत करतो, आणि तुम्ही स्पेसबार दाबून चित्र हलायची वाट बघता.

"पण एन्व्हिडियाच्या कार्डातही अशी यंत्रणा असते ना?" असते. सोनीच्या ए७ थ्रीसारख्या कॅमेऱ्याचा आठ बिटचा ४के व्हिडिओ हे कार्ड आरामात उलगडतं. अडचण पुढची आहे. ए७ फोर किंवा त्यानंतरच्या कॅमेऱ्यांत दहा बिट, ४:२:२ असं चित्रण करता येतं. त्यात रंगाची माहिती जास्त राहते, म्हणून लग्नवाले फोटोग्राफर हळूहळू तिकडे वळताहेत. एचईव्हीसी पद्धतीनं दाबलेला हा ४:२:२ व्हिडिओ एन्व्हिडियाच्या चाळीस मालिकेपर्यंतची कार्डं उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या बाराव्या पिढीतली, एफ नसलेल्या प्रोसेसरमधली साधी ग्राफिक्स ते करते. म्हणजे पाव लाखाच्या वरचं कार्ड हात वर करून उभं, आणि काम करणार कोण, तर दोन-तीन हजार वाचवण्यासाठी आपण जे काढून टाकलं ते. २०२५ मध्ये आलेल्या पन्नास मालिकेत एन्व्हिडियानं ही उणीव भरून काढली, हेही सांगितलं पाहिजे. त्यामुळे आज नवी यादी कराल तर नव्या कार्डाकडूनही हा प्रश्न सुटतो, सॉफ्टवेअर मात्र अद्ययावत हवं. पण आमच्यासमोरची यादी जुन्या कार्डाची होती, आणि मुलाच्या उस्तादानं नवा कॅमेरा घेतलेला होता. यादीनं ‘तुमचा कॅमेरा कुठला?’ हे विचारलंच नव्हतं.

सॉफ्टवेअर कुठलं, हेही नाही. खरं तर कार्ड किती मोठं हवं हे तिथूनच ठरतं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगकाम आणि इफेक्ट करणाऱ्याला कार्ड आणि त्यावरची मेमरी जितकी मोठी तितकी कमीच. ८ जीबीवर मोठं काम अंगावर आलं की ‘जीपीयू मेमरी भरली’ असा निरोप दिसतो. प्रीमियर प्रो वापरणाऱ्याचं साध्या कटिंगचं काम प्रोसेसर आणि क्विक सिंकवर बरंच निभतं. आफ्टर इफेक्ट्स घ्या, ते आधी रॅम खातं. तीन सॉफ्टवेअर, तीन वेगळ्या भुका. यादीत सगळ्यांना एकच थाळी.

आता पाचवी ओळ, ५१२ जीबी. इथे आम्ही त्या मुलाला कागद दिला आणि म्हटलं, गणित मांड. त्याच्या उस्तादाचा कॅमेरा ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं करतो. आठानं भागा: सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ जीबी. हळद, लग्न, रिसेप्शन मिळून तीन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले, तर बारा तासांचं चित्रण. ५४० जीबी. मुलानं बेरीज दोनदा केली. त्या ५१२ जीबीत विंडोज यायची, सॉफ्टवेअर यायचं, जीटीए यायचं, आणि एक अख्खं लग्न तिच्यात मावतच नव्हतं! मे महिन्यात अशी सहा लग्नं असतात.

यातली गंमत पुढे आहे. यादीच्या खाली एक सल्ला होता: ‘बजेट असेल तर आणखी वेगवान एसएसडी घ्या.’ वेग! तीन कॅमेऱ्यांचं चित्रण एकाच वेळी चालवलं तरी सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट लागतात. साधी फिरती हार्ड डिस्क याच्या कितीतरी पट देते. एडिटिंगच्या टेबलावर एसएसडी हवीच, सॉफ्टवेअर चटकन उघडायला, चालू काम ठेवायला. पण या मुलाची गरज जागेची होती आणि यादी त्याला वेग विकत होती. पाण्याची टाकी लहान पडतेय म्हणून मोठा नळ बसवण्यातला हा प्रकार.

असं का होतं? यादी करणारी माणसं वाईट नसतात, बरीचशी मनापासून करतात. आमच्या मते कारण मोजमापात आहे. यादी परीक्षणांवरून तयार होते, परीक्षणं चाचण्यांवरून, आणि चाचणीत जे मोजता येतं तेच येतं. गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, हा स्वच्छ आकडा. एडिटिंगमध्ये काय मोजणार? एक्सपोर्टला लागणारा वेळ. घड्याळ लावलं, बटण दाबलं, आकडा आला. पण एडिटरचा दिवस एक्सपोर्टमध्ये जात नाही हो. एक्सपोर्ट लावून माणूस जेवायला जातो, झोपतो. त्याचा दिवस जातो तो मंगलाष्टकांतला नेमका क्षण शोधण्यात, अक्षता पडतानाची मामाची नजर सापडेपर्यंत चारशे वेळा पुढे-मागे करण्यात. तिथला अर्ध्या सेकंदाचा अडखळा दिवसाला तास खातो, पण तो यादीत उतरत नाही. अपवाद आहेत. पुजेट सिस्टिम्स ही अमेरिकी कंपनी सॉफ्टवेअरवार वेगळ्या चाचण्या घेते, त्या वाचण्यासारख्या असतात. आपल्याकडच्या याद्यांपर्यंत ते क्वचितच झिरपतं.

फ्रेमच्या आकड्यांचंही तसंच. कार्डाची चाचणी घेताना परीक्षक बाजारातला सर्वांत जलद प्रोसेसर लावतात, म्हणजे प्रोसेसरमुळे कार्ड अडू नये. पद्धत बरोबरच आहे. घोटाळा वाचणाऱ्याचा होतो. मध्यम प्रोसेसरवर तोच आकडा आपल्यालाही मिळेल असं तो धरून चालतो. आणि मिळाला तरी मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर साठाच्या वरच्या फ्रेम दिसायच्या कुठे? एएमडीच्या ७८००एक्स३डीचं नावही हल्ली एडिटिंगच्या यादीत दिसतं. गेमसाठी तो उत्तम प्रोसेसर आहे, त्यातल्या जास्तीच्या कॅशमुळे. एक्सपोर्टला त्या कॅशचा काही उपयोग नाही.

मॉनिटरचा विषय निघालाच आहे. यादीत मॉनिटर नव्हता. यूपीएस नव्हता. कीबोर्ड-माऊस, विंडोजचं लायसन्स, बॅकअपची डिस्क, काही नव्हतं. ‘सत्तर हजारांत’ म्हणजे टेबलाखालच्या डब्याचे सत्तर हजार.

आमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात किंवा दोन हजारच्या आसपास लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बाजारातून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, त्यांना दुकानदाराचं कोटेशन आठवत असेल. लेटरहेडवर कार्बन ठेवून लिहिलेलं. तोही एक साहित्यप्रकारच होता. प्रोसेसरबद्दल त्यात मोघम काहीतरी असायचं, बोर्डाचं नाव निम्म्या वेळा चुकीचं. पण शेवटपर्यंत वाचलं तर स्पीकर, माऊस पॅड, धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर, कधी टेबलसुद्धा, आणि खाली ‘टॅक्स एक्स्ट्रा’. दुकानदाराला ठाऊक असायचं, की ही वस्तू एका घरात जाणार आहे, त्या घरात वीज जाते आणि धूळ येते. त्या कोटेशनचे गोडवे गाण्याचं कारण नाही. त्यात फसवणूकही भरपूर होती, आम्ही स्वतः एकदा नवी म्हणून जुनी हार्ड डिस्क घेऊन आलोय. तरी त्या कागदात गिऱ्हाईक दिसायचं. आताच्या यादीत एकेक भाग चोख आहे आणि गिऱ्हाईक गायब.

मॉनिटरमध्ये काय अडतं म्हणाल, तर हळदीचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. पिवळ्या साड्या, पिवळी फुलं, पिवळे चेहरे. स्वस्त मॉनिटरवर बाजूनं बघितलं की पिवळा वेगळा, समोरून वेगळा. मुलगा त्यावर रंग दुरुस्त करणार आणि वधूकडच्यांनी टीव्हीवर लावलं की नवरी काविळीची. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी रंगांची पूर्ण व्याप्ती लिहिलेलं, एवढं पाहून घ्यावं. गेमसाठी शंभर हर्ट्झच्या वरचं हल्ली याच वर्गात मिळतं. इथे एडिटिंग आणि गेमिंग यांचं भांडण नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. ‘८० प्लस’ हा शिक्का एसएमपीएस किती वीज वाया घालवत नाही याचा आहे, तो किती टिकेल याचा नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नये, पाच वर्षांची वॉरंटी लिहून देणारा घ्यावा, आणि जीएसटीचं पक्कं बिल मागावं, वॉरंटीच्या दिवशी तेच लागतं. घराला अर्थिंग आहे का, हे यादीआधी बघावं. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, वॅट मात्र ३६० च्या आसपास भरतात, आणि त्या पाच-दहा मिनिटांत काम सेव्ह करून बंद करायचं असतं.

मग आम्ही काय सुचवलं? टीका करणाऱ्यानं आपलं ताट वाढून दाखवलं पाहिजे. एफ नसलेला १२४००. बायॉसमध्ये जाऊन आतली ग्राफिक्स चालू ठेवायची, कारण कार्ड लावलं की ती बऱ्याच बोर्डांवर आपोआप बंद होते आणि मग क्विक सिंकसाठी मोजलेले पैसे पाण्यात. कार्ड आरटीएक्स ३०६०, पण १२ जीबीचं. गेममध्ये ४०६० पेक्षा मागे, पण स्वस्त आणि मेमरी जास्त. व्हॅलोरंटला तेवढं रग्गड होतं. एसएसडी १ टीबी, शिवाय ४ टीबीची हार्ड डिस्क. साधं, जाळीचं कॅबिनेट. पंख्यांचे रंग गेले, त्यावर मुलगा थोडा खट्टू झाला. आणि प्रॉक्सी शिकून घे म्हटलं, म्हणजे मोठ्या व्हिडिओच्या हलक्या प्रती करून त्यांवर एडिटिंग करायचं आणि शेवटी मूळ व्हिडिओ जोडायचा. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. जुन्या मशीनवरही ती काम सुसह्य करते, पण ती विकत घ्यायची वस्तू नसल्यानं कुठल्याच यादीत येत नाही.

एक पर्याय आम्ही त्याच्यापुढे ठेवला आणि त्यानं नाकारला, तोही सांगतो. एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी मेमरीसह. दहा बिट ४:२:२ तो सहज उलगडतो, वीज नावापुरती खातो. निव्वळ एडिटिंगसाठी आम्ही तोच घे म्हटलं असतं, जागेसाठी बाहेरची डिस्क जोडून. पण व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही. मुलगा वडिलांकडे न बघता म्हणाला, "सर, दिवसभर लग्नंच बघायची, तर रात्री काहीतरी पाहिजे ना." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पतसंस्थेचा हप्ता तोच भरणार होता, बावीस वर्षांचा मुलगा. रात्रीचे दोन तास त्याच्या हिशेबातून वगळणारे आम्ही कोण?

आता आमच्या यादीची समीक्षा. दोन ठिकाणी ती पडली. ३०६० कार्ड १७० वॅट घेतं, ४०६० घेतं ११५. प्रोसेसर भर कामात ११७ पर्यंत जातो, त्यात बोर्ड, डिस्क, मॉनिटर. मुलाच्या घरात होता तो ६०० व्हीएचा यूपीएस एक्सपोर्टच्या वेळी किंचाळायला लागला. आम्ही कार्डाची किंमत बघितली होती, वॅट नाही. यूपीएस बदलावा लागला, आणि कार्डात वाचलेले पैसे बरेचसे तिथे गेले.

दुसरी चूक मोठी. बजेट संपत आलं, म्हणून रॅमची १६ जीबीची एकच पट्टी राहू दिली आणि सांगितलं, "दुसरी नंतर घाल, रॅम काय, स्वस्तच होत जाते." दोन पट्ट्या जोडीनं लावल्या की मेमरीचा रस्ता दुहेरी होतो, एडिटिंगला ३२ जीबी हवीत, हे ठाऊक असून सांगितलं. वीस वर्षांचा अनुभव होता ना! तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, डिसेंबरच्या अखेरीस मुलाकडे पैसे आले आणि तो दुकानात गेला. तोवर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार ओढून नेला होता. भाव दुपटीच्या वर. क्रुशल या ब्रँडखाली सामान्य ग्राहकाला रॅम विकणाऱ्या मायक्रॉननं तर त्याच महिन्यात तो व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुलानं दुकानातूनच फोन केला. "सर, तुम्ही म्हणाला होतात स्वस्त होईल." आम्ही यादीवाल्यांना नावं ठेवत होतो, की ते गिऱ्हाईकाला न विचारता लिहितात. आम्ही बाजाराला न विचारता बोललो होतो. ‘नंतर घाल’ हा सल्ला देताना नंतरचा भाव आपल्या खिशात असल्यासारखं आम्ही वागलो. आता कुणी विचारलं तर आम्ही म्हणतो, काचेचं कॅबिनेट नंतर घे, जमलं तर कार्डही नंतर घे, एफ नसलेल्या प्रोसेसरवर मॉनिटर तरी चालू होतो. रॅम पहिल्या दिवशी.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा आम्ही दिलं होतं: प्रोसेसरमधली ती न दिसणारी ग्राफिक्स, आणि हार्ड डिस्क. त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं. डब्यातली सगळ्यांत महागडी वस्तू कार्ड होती आणि ते कमावत नाही म्हणतायत. गेल्या महिन्यात त्या मुलानं पुन्हा फोन केला. या वेळी रॅमबद्दल नाही. एका लग्नाचं चित्रण त्यानं डिस्कवर उतरवलं, कॅमेऱ्यातली कार्डं पुसून दुसऱ्या लग्नाला दिली, आणि दोन दिवसांनी डिस्क खडखडायला लागली. बहुतेक सगळं वाचलं, वरातीचा अर्धा तास सोडून. त्याला दुसरी, तेवढ्याच आकाराची डिस्क घ्यायची होती, फक्त प्रत ठेवायला, आणि त्यासाठी पैसे वडिलांकडे मागायचे होते. फोन त्यानं त्यांच्याकडेच दिला. त्यांनी विचारलं, "सर, ही दुसरी घ्यायची हे त्या पहिल्या कागदावर का नव्हतं?"

नव्हतं. आमच्याही कागदावर नव्हतं. प्रश्न घेऊ या, मागच्या रांगेत हात वर आहे.